उयोमाची लेक स्वतःचे नाव घेते

ज्याने हात दिले आणि त्या हातांत बळ घातले, त्याला पहिला नमस्कार. ते हात जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या आनंदासाठी झिजवले, त्या बाईला दुसरा. सज्जनहो, आज जिचे चरित्र सांगायला बसलो आहे ती कोणी साध्वी नव्हे, कोणी राणी नव्हे. ती आमच्या किसुमू शहरात, सरोवराच्या काठच्या टेनिस क्लबात मार्कर होती. अपोंडी तिचे नाव.

मार्करचे काम दिसते सोपे आणि असते कठीण. सदस्याला खेळायला जोडीदार मिळाला नाही की मार्करने समोर उभे राहायचे, आणि त्याला जिथे आवडतो तिथे चेंडू द्यायचा. उजवा फटका ज्याचा लाडका, त्याच्या उजवीकडे. कमरेइतका उंच ज्याला मानवतो, त्याला कमरेइतका. सदस्याने एखादा फटका बरा मारला की मोकळ्या गळ्याने म्हणायचे, "छान मारलात, मॅडम!" सदस्य घामाने भिजून, पण हसत घरी गेला पाहिजे. त्याला हरवून पाठवले, तर पुढच्या खेपेला तो दुसरा मार्कर मागतो.

अपोंडी अनवाणी पायांनी त्या क्लबात चेंडू वेचायला आली, तेव्हा तिला रॅकेट दोन्ही हातांनी उचलावी लागे. क्लबाचा जुना मार्कर ओगोला याने तिला हाताशी धरले. वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे जादुओंग म्हणतात. सारा क्लब त्याला तेच म्हणे. त्या जादुओंगने तिला लाल मातीवर पाय घसरवायला शिकवले, वाऱ्याचा कल ओळखायला शिकवले, आणि सगळ्यांत जास्त काय शिकवले, तर द्यायला शिकवले. देवापुढे फूल ठेवावे, तसा ती समोरच्याच्या रॅकेटवर चेंडू ठेवी. डॉक्टर आले, वकील आले, बँकेतल्या बायका आल्या; सगळ्यांचे हात तिने घडवले. तिच्या समोर उभा राहणारा प्रत्येक जण स्वतःला मोठा खेळाडू समजून घरी जाई. आणि अपोंडी? अपोंडी झाडू घेऊन मैदानाच्या पांढऱ्या रेघा स्वच्छ करी.

असा काळ गेला. मग एका वर्षी असे झाले, की सरोवर विभागाचा बायकांचा संघ आंतरविभागीय सामन्यांसाठी नाकुरूला जायचा होता. संघात चार जागा. तीन ठरून गेल्या. चौथीसाठी निवड समितीने एक सामना ठेवला आणि विभागातल्या कोणत्याही बाईला नाव देण्याची मुभा दिली. पहिले नाव आले अडोयोचे. ही क्लबाची महिला कर्णधार, शाळेत खेळाची शिक्षिका, उंच, हसरी, आणि उजव्या हातात वीज. तिचे नाव ऐकल्यावर बाकीच्या बायका मागे सरल्या. दुसरे नाव अपोंडीने स्वतः जाऊन दिले.

क्लबाचे सचिव ओलांग यांना ते कळले तेव्हा ते चहा पीत होते. कप तसाच हातात धरून ते व्हरांड्यात आले.

"अगं, तू मार्कर आहेस," ते म्हणाले. "तुझं काम खेळणं नाही. खेळवणं."

"असा नियम आहे का, साहेब?"

"नियम कशाला पाहिजे? सगळ्यांना माहीत आहे."

"मग सगळ्यांना सांगा, अपोंडीला माहीत नाही."

"तोंड फार चालायला लागलंय तुझं. समोर अडोयो आहे, ठाऊक आहे ना? दर गुरुवारी तिला चेंडू देतेस तू. हरलीस म्हणजे?"

"हरले तर हरलेली खेळाडू होईन," अपोंडी म्हणाली. "आज तर मी तेवढीही नाही."

सज्जनहो, एवढेच पणाला लागले होते. एक जागा. पण ती जागा म्हणजे बसमधली खिडकी नव्हे आणि अंगावरचा नवा सदराही नव्हे. ज्याच्यावर इतरांनी हात साफ करावेत असे माणूस असायचे, की आपला हात आपल्यासाठी चालवणारे माणूस व्हायचे, एवढा तो प्रश्न होता.

सामना आठवड्यावर आला तेव्हा जादुओंग ओगोला मैदानाच्या कडेच्या आंब्याखाली ऊस सोलत बसला होता. त्याने तिला हाक मारली.

"काय ठरवलंयस?"

"जिंकायचं ठरवलंय."

"हे काय ठरवणं झालं? हे तर अडोयोनंही ठरवलंय. दोघींचं खरं कसं होईल? तुझ्या हातात काय आहे ते सांग."

"माझ्या हातात रॅकेट आहे, जादुओंग."

"मग रॅकेटपुरतं ठरव. एका गेमला एक गोष्ट. लहानशी. इतकी लहान, की समोरची कितीही चांगली खेळली तरी तिला ती तुझ्याकडून हिसकावून घेता येणार नाही."

अपोंडी हसली. "म्हातारे झालात तुम्ही. लहान गोष्टी म्हाताऱ्यांनी ठरवाव्यात. मला ती जागा पाहिजे."

"जागा पाहिजेच. पण जागेकडे बघत बघत चाललीस तर पायाखालचा दगड कोण बघणार?" असे म्हणून त्याने उसाचा तुकडा तिच्या हातात दिला. तिने ऊस घेतला, उपदेश तिथेच ठेवला.

शनिवारी सकाळी सामना सुरू झाला. क्लबाच्या व्हरांड्यात सदस्य मंडळी बसली होती. कुंपणाबाहेर, जिथून फुकट दिसते तिथे, डुंगा किनाऱ्यावरच्या मासे विकणाऱ्या बाया आपल्या टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या होत्या. अपोंडीची आई त्यांच्यातलीच होती. ती गेली, पण बाया तिच्या लेकीला विसरल्या नव्हत्या. त्यांची म्होरकी मिन ओबुरा, म्हणजे ओबुराची आई. तिचा आवाज असा, की सरोवरात दूर गेलेली होडी त्या आवाजाने वळावी. मीही त्यांच्याच बाजूला बसलो होतो; तिथे सावली होती आणि भाजलेले शेंगदाणे होते. उंच खुर्चीवर पंच म्हणून मोंबासाचे म्वाचिरो बसले. माणूस सज्जन, शिस्तीचा. पण आमच्या लुओ भाषेचा एक शब्द त्यांना येत नसे.

आणि मग जे घडले ते पाहून माझ्या हातातले दाणे हातातच राहिले.

अपोंडी वाईट खेळत नव्हती, हे लक्षात घ्या. तिचे पाय नाचत होते, नजर धारदार होती, चेंडू नेटवरून हवा तसा जात होता. फक्त तो जात होता अडोयोच्या उजव्या हाताकडे. डावीकडे सारे मैदान रिकामे पडलेले. तिथे नुसता टाकला असता तरी गुण मिळाला असता. पण चेंडू रॅकेटवर आला की अपोंडीचा हात आपल्या ओळखीच्या वाटेने जाई आणि अडोयोला आवडतो तिथे, कमरेइतका उंच, नेऊन ठेवी. अडोयो तो असा हाणी की लाल धूळ उडे. आणि त्या धुळीतून, अहो ऐका, त्या धुळीतून अपोंडीचा आवाज येई, "छान मारलात, मॅडम!"

पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा व्हरांडा हसला. तिसऱ्यांदा अडोयोच चेंडू हातात घेऊन थांबली.

"अपोंडी, आज मला मॅडम म्हणू नकोस गं," ती हळूच म्हणाली. "मला लाज वाटते."

"चुकलं, मॅडम," अपोंडी म्हणाली, आणि तिने ओठ चावला.

कुंपणाबाहेरून मिन ओबुरा गरजली, "काय बायांनो, समोर उभी आहे ती कोण? मला तर एक बाई खेळताना दिसतेय आणि दुसरी तिला वाढताना दिसतेय! अगं वाढपी, जरा आम्हालाही वाढ की!"

म्वाचिरो साहेबांनी हात वर करून शांतता मागितली. पहिला सेट गेला. एक गेम कसाबसा वाचला, बाकी सारे गेले.

दोन सेटांच्या मधल्या वेळात अपोंडी बाकावर बसली आणि तिने डोक्यावर टॉवेल घेतला. त्या टॉवेलखाली काय चालले होते ते मी पुढे तिच्याच तोंडून ऐकले. मन म्हणत होते, ओलांग साहेब खरे बोलले. मन म्हणत होते, तू झाडूची. मन म्हणत होते, जागा गेली, जागा गेली, जागा गेली. सज्जनहो, माणसाला बाहेरचा शत्रू एकदा हरवतो. आतला मात्र घटकेघटकेला हरवत असतो, आणि तो बोलतो आपल्याच आवाजात, म्हणून त्याचे खरे वाटते. जागेचा विचार करावा तर जागा दूर पळते. विचार करू नये तर मन ऐकत नाही. मग धरायचे काय? अशा वेळी म्हाताऱ्याचे ते टाकून दिलेले बोल तिला आठवले. एका गेमला एक गोष्ट. लहानशी.

ती उठली. बेसलाइनवर गेली. चेंडू जमिनीवर आपटला, आणि सर्व्हिस करण्याआधी मान वर करून, साऱ्या क्लबाला ऐकू जाईल अशा आवाजात लुओ भाषेत बोलली:

"मी उयोमाची लेक! माझी आजी सुसरींना वाटेतून बाजूला हो म्हणायची! वादळ माझ्या दारात आलं तर पाय पुसून आत येतं! आणि ऐका, या गेमला माझा एकही चेंडू उजवीकडे जाणार नाही!"

मग टोपल्यांवरच्या बाया उभ्या राहिल्या आणि जिभा हलवून त्यांनी अशी किलकारी फोडली, की झाडावरचे करकोचे उडाले.

ही आमच्याकडची चाल. हिला पाक्रुओक म्हणतात. लग्नात वाद्ये ऐन रंगात आली असताना कोणीही हात वर करून ती थांबवतो, उभा राहतो, आपल्या मुलखाचे नाव घेतो, जसा अपोंडीचा उयोमा, आणि आपल्या तोंडाने आपली थोरवी गातो. लोक त्याला गर्विष्ठ म्हणत नाहीत. डोलतात, दाद देतात, आणि मग त्याच्यावर कडी करायला दुसरा उठतो. अपोंडीने हे शेकडो वेळा पाहिले होते, पण स्वतः कधी तोंड उघडले नव्हते. तिच्या तोंडाला दुसऱ्यांच्या स्तुतीचाच सराव. आज तेच तोंड पहिल्यांदा घराकडे वळले.

आंब्याखाली ओगोलाने मात्र कपाळाला हात लावला. "अरे देवा! एक गोष्ट ठरव म्हटलं, तर हिने ती समोरचीलाच सांगून टाकली!"

म्हातारा खरे बोलला. लुओ ही अडोयोचीही मातृभाषा. ती शहाणी बाई आपली डावीकडे दोन पावले सरकून उभी राहिली, आणि येईल तो चेंडू परतवून तिने तो गेम घेतला. पण अपोंडीकडे पाहा. गेम हरलेली बाई ताठ चालत होती. एकही चेंडू उजवीकडे गेला नव्हता. तिने जे मागितले होते ते तिला मिळाले होते, आणि ते देणारी तीच होती. आपण आपल्याला दिलेला शब्द पाळला, एवढ्याने मनाला पाठीचा कणा येतो. गुणफलक काही का म्हणेना.

बाजू बदलताना मिन ओबुराने टोमणा मारला, "उयोमाच्या लेकी, शब्द पाळलास, शाबास! पण दुकान उघडून भाव सांगत बसू नकोस!"

अपोंडी हसली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. पुढच्या गेमला तिने आरोळी दिली ती अशी: "मी उयोमाची लेक! माझे पाय पाहून हरणं विचारतात, बाई, थकत नाहीस का? या गेमला माझे पाय थांबणार नाहीत!" आता हे ऐकून अडोयोने काय करावे? पाय थांबले नाहीत. गेम आला. पुढच्याला ती म्हणाली, "या गेमला मार खाल्ला तरी नेटजवळ जाईन!" दोनदा गेली, दोनदा मार खाल्ला, तिसऱ्यांदा गेली आणि चेंडू असा हळुवार टाकला की तो जमिनीवर पडून जणू झोपीच गेला. गेमला एक गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीला एक गर्जना. दुसरा सेट बरोबरीला आला.

तेव्हा म्वाचिरो साहेबांनी खेळ थांबवला.

"खेळाडू अपोंडी! ही ओरड कसली? तुम्ही प्रतिस्पर्ध्याला शिव्या देताय?"

"नाही साहेब. मी माझं नाव घेतेय."

"नाव घ्यायला इतका वेळ लागतो?"

"नाव लांब आहे, साहेब. फार दिवस घेतलं नव्हतं, त्यामुळे साठलंय."

व्हरांड्यातून ओलांग उठून उभे राहिले. "पंच महाराज, हा टेनिस क्लब आहे, लग्नाचा मांडव नव्हे! दंड करा, नाहीतर खेळ बंद करा!"

"सचिव साहेब, बसा," पंच म्हणाले. "मला भाषा कळत नाही, म्हणून मी तिलाच विचारणार जिला कळते." ते अडोयोकडे वळले. "मॅडम, खरं सांगा. ही तुमचा अपमान करतेय का?"

सज्जनहो, विचार करा. एक शब्द. 'हो' एवढे म्हटले असते, तर अपोंडीचे तोंड बंद झाले असते, आणि तोंडाबरोबर तिच्या हातापायांत आलेले वारेही ओसरले असते. जागा अडोयोच्या पदरात होती. अडोयोने रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ केल्या आणि मग ती म्हणाली:

"माझा अपमान नाही होत. पण माझी एक तक्रार आहे."

"बोला."

"ही मघापासून एकटीच बोलतेय. माझी पाळी कधी?" आणि ती वळली, छाती भरून श्वास घेतला, आणि गरजली, "मी आलेगोची लेक! आमच्या दारी भांडण आलं तर चहा पिऊन, माफी मागून जातं! माझा उजवा हात पाहून मगरी पोरांना घरात घेतात!"

"तो उजवा हात मीच वाढवलाय, बाई!" अपोंडी ओरडली.

"मग आज त्याच हातचा मार खा!"

अहो, काय तो कल्लोळ! बाया नाचायला लागल्या. व्हरांड्यातले जाड भिंगांचे डॉक्टर उभे राहून टाळ्या वाजवू लागले. म्वाचिरो साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, टोपी पुन्हा घातली. "दोघींना सांगतो," ते म्हणाले, "चेंडू खेळात असताना एक अक्षर नाही. मधल्या वेळात काय थोरवी गायची ती गा. पण घड्याळ माझं आहे."

कोणी म्हणेल, महाराज, तुम्ही तर नम्रतेची गोडी सांगणारे. हे स्वतःचे पोवाडे स्वतःच गाणे तुम्हाला कसे रुचले? त्याला माझे उत्तर असे. ज्याच्यापाशी सर्व काही आहे, त्याने मान खाली घालावी, ती नम्रता. ज्याला आयुष्यभर मान खाली घालायलाच लावले, त्याने आणखी खाली घातली तर तो केवळ मणक्याचा आजार. देणाऱ्याने हात दिला, हातात विद्या दिली. आणि आपण म्हणत राहावे, माझ्यापाशी काही नाही हो, काही नाही, तर तो देणाऱ्याचाच अपमान. अपोंडी त्या दिवशी मिळालेल्या देण्याची पोच देत होती. मोठ्याने देत होती, कारण फार उशीर झाला होता.

दुसरा सेट अपोंडीने घेतला. तिसरा सुरू झाला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता आणि दोघींच्या सावल्या पायांखाली गेल्या होत्या. एक गेम हिचा, एक तिचा. आता गर्जना आखूड झाल्या. श्वास वाचवायला हवा होता. "उयोमा!" "आलेगो!" एवढेच. पण प्रत्येक गेमआधी अपोंडीचे ओठ हलत, आणि आपण ओळखावे, की हिने आपले काहीतरी लहानसे ठरवले.

शेवटी अपोंडी एका गुणावर आली. हा घेतला की सामना संपला, जागा तिची. लांब टोलवाटोलवी झाली. अडोयो डावीकडच्या कोपऱ्यात फेकली गेली, तिचा परतावा दुबळा पडला, चेंडू मैदानाच्या मध्यावर लोण्यासारखा येऊन उभा राहिला. उजवीकडचे सारे मैदान मोकळे. मोकळ्या जागेत मारायचे, बस्स. अपोंडी धावली. तिने रॅकेट मागे घेतली. त्या क्षणी तिने खेळाकडे पाहिले नाही, जागेकडे पाहिले. नाकुरू पाहिले, संघाचा सदरा पाहिला, ओलांग साहेबांचे पडलेले तोंड पाहिले. मन निघून गेले, हात एकटा उरला. आणि एकट्या हाताला जेवढे माहीत होते तेवढे त्याने केले. चेंडू गेला थेट अडोयोपाशी, कमरेइतका उंच. अडोयोने तो रेघेला लागून असा पार केला की अपोंडी जागची हललीही नाही.

आणि तिच्या तोंडून निघाले, "छान मारलात, मॅडम!"

व्हरांडा फुटला. हसण्याची लाट आली. ओलांग मांडीवर थाप मारून म्हणाले, "सांगितलं नव्हतं? मार्कर तो मार्करच!" आंब्याखाली ओगोलाने डोळे मिटून घेतले.

मिन ओबुरा हसली नाही. बायांपैकी एकही हसली नाही. त्या वाट पाहत होत्या.

अपोंडी बेसलाइनकडे वळली. नेटकडे पाठ, आमच्याकडे तोंड. मी तिचा चेहरा पाहिला. आता ही कोसळणार असे मला वाटले. तिने आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला, एखादे खोडकर मूल पाहावे तसा पाहिला. आणि मग ती बोलली. ओरडली नाही, बोलली. पण ऐकू सर्वांना गेले.

"मी उयोमाची लेक. माझा हात फार वर्षं दुसऱ्यांच्या घरी कामाला होता. आता तो घरी यायला निघालाय. वाट लांब आहे. हसणाऱ्यांनी हसावं, तो रस्ता विचारायला तुमच्याकडे थांबणार नाही."

किलकारी उठली नाही. एक बाई हुंदका देऊन त्या हाताला म्हणाली, "ये रे बाबा, ये." एवढेच.

तो गेम गेला. त्याच्या पुढचा आला. मग आणखी एक गेम, आणि अपोंडी पुन्हा त्याच एका गुणावर उभी राहिली. या खेपेला चेंडू सोपा नव्हता. अडोयोने सारी ताकद एकवटून उजव्या हाताने हाणलेला, खोल, वळणारा. अपोंडी मागे झुकली, तिचा पाय घसरला, गुडघा मातीला टेकला. काय ठरवले होतेस, असे मी पुढे तिला विचारले. ती म्हणाली, "शेवटपर्यंत चेंडूकडेच बघायचं ठरवलं होतं. जागेकडे नाही." तिने गुडघ्यावरूनच चेंडू उचलला. तो नेटवरून कष्टाने गेला, अडोयोच्या डावीकडे, रेघेच्या आत पडला, आणि कुणाच्याही रॅकेटची वाट न पाहता निघून गेला.

तिचे तोंड उघडे होते. त्यातून काहीच निघाले नाही.

अडोयो नेट ओलांडून आली आणि तिने गुडघ्यावर बसलेल्या अपोंडीला उठवले. तिच्या गुडघ्यावरची माती झटकली. "छान मारलंस," ती म्हणाली. "आणि मॅडम म्हटलं नाही म्हणून आणखी छान." मग दोघी इतक्या रडल्या, की म्वाचिरो साहेबांना निकाल दोनदा सांगावा लागला.

कथा इथे संपली असती तर सांगणाऱ्याला सोपे झाले असते. पण मिळवलेली जागा बसून राखता येत नाही. तीही रोज नव्याने मिळवावी लागते.

नाकुरूला संघ पोचला त्या दुपारी सराव होता. संघाची कर्णधार सलोमे, विभागातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू. मनाची वाईट नव्हे, पण सवयीची माणूस. मैदानावर येताच तिने चेंडूंची टोपली पायाने अपोंडीकडे सरकवली.

"अपोंडी, तुझा हात बसलेला आहे. आम्हा तिघींना जरा चेंडू दे. मला डावीकडे, खोल."

बाकीच्या दोघी रांगेत उभ्याही राहिल्या. त्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. सूर्य पूर्वेला उगवतो, अपोंडी चेंडू देते. मी संघाच्या जेवणाचे डबे घेऊन गेलो होतो, तेव्हा हे समोर पाहिले. अपोंडीने टोपलीकडे पाहिले. तिचा हात टोपलीकडे जरासा गेलाही. मग तो थांबला.

"देते," ती म्हणाली. "अर्धी टोपली मी देते. उरलेली अर्धी तुम्ही मला द्या."

"मी?" सलोमे हसली. "अगं, मी कधी कुणाला चेंडू दिलेत का? मला जमणारही नाही."

"मग शिका. उद्या सामना माझाही आहे."

"आणि नाही दिले तर?"

"तर ही टोपली इथेच राहील. मी भिंतीवर खेळेन. भिंत उपकार मागत नाही."

नाकुरूचा वारा मैदानावरून धूळ घेऊन गेला. मग अपोंडीने आपली अर्धी टोपली दिली, आणि काय दिली! प्रत्येकीला तिच्या मनासारखा, एकही चेंडू कमी नाही, जास्त नाही. दिल्यावर रॅकेट खांद्यावर टाकून ती शांतपणे पलीकडे गेली, बेसलाइनवर उभी राहिली, आणि वाट पाहू लागली.

सलोमेने खाली वाकून टोपलीतला एक चेंडू उचलला. तो तिने असा काही मारला की नेटमध्येच गेला. दुसरा आभाळात गेला. तिसरा नेट ओलांडून कसाबसा मध्यावर येऊन पडला.

"जरा खोल, कर्णधार बाई," पलीकडून अपोंडी म्हणाली. "आणखी खोल. हं, असा. आता डावीकडे द्या."